मधली फिन

"मधली फिन नको लावूस," बारक्या म्हणाला.

ताईने खाच पाडायचं राउटर मशीन बंद केलं. कानात घरघर अजून चालू होती, त्यामुळे आपण चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं. मास्क खाली ओढून तिने धाकट्या भावाकडे पाहिलं. तो शेडच्या दारातच उभा होता, आत यायचं की नाही ते न ठरलेल्या पाहुण्यासारखा. चाळिशी उलटलेला बाप्या, पण शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली. बायको गेल्यापासून अंगानेही निम्म्यावर आला होता.

बोर्ड दोन लाकडी घोड्यांवर पालथा पडला होता. पाण्यावर उभं राहून वल्हवायचा, लांबरुंद, दोघांना पुरेल असा. त्याला शीड बसवून द्यायचं होतं. एकट्याने वल्हवायला नको वाटतं, आता वारा नेईल तिकडे जाईन, असं बारक्या फोनवर म्हणाला तेव्हा ताई हरखली होती. चला, गडी घराबाहेर तरी पडतोय. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून तिने हे हातात घेतलं. डोलकाठीसाठी भोक पाडायची जागा मोजली तेव्हा मात्र तिचा हात अडखळला. वरच्या रबरी चटईवर नेमका तिथेच एक झिजलेला, फिकट गोल होता. भावजय तिथे बसायची, मांडी घालून, आणि मागे वळूनही न बघता नवऱ्याला सूचना द्यायची.

"इथेच पाडू?" तिने त्या दिवशी विचारलं होतं.

"तिथेच. आता कोण बसणार आहे?"

ते भोक पाडून झालं, आत ठोकळा बसला, वरून घासूनही झालं. राहिली होती मधली फिन, बोर्डाच्या पोटाखाली उभं राहणारं हातभर पातं. तिच्यासाठी खाच आत्ताच पाडून झाली होती.

"का नको?"

"उगाच वजन."

"चपलेएवढंसुद्धा वजन नाही तिचं."

"जायला लागत नाही ती."

"यायला लागते," ताई म्हणाली.

वाऱ्याबरोबर बोर्ड कुठेही जातो, त्याला अक्कल लागत नाही. वाऱ्याच्या तोंडावर परत यायचं, तर ती फिन पाण्यात रुतून उभी राहावी लागते. नाहीतर बोर्ड नुसता आडवा घसरत राहतो, किनाऱ्यापासून लांब, आणखी लांब. हे बारक्याला शिकवायची गरज नव्हती. लहानपणी दोघं एकाच शिडावर शिकली होती.

"कधी निघतोयस?"

"उद्या. पहाटे."

पहाटे वारा जमिनीवरून पाण्याकडे सुटतो. दाराजवळच्या टेबलावर त्याच्या घराची किल्ली होती. आल्या आल्या त्यानेच ठेवली होती, कुंड्यांना पाणी घालत जा, म्हणून. आणि ती खुळी खूश झाली होती, की हा कुठेतरी फिरायला चाललाय.

तिला त्याच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली. त्याला घट्ट धरून रडावंसंही वाटलं. पण बोलण्यात तिला कधीच गती नव्हती. भावजय असती तर तिने त्याला शब्दांत पकडलं असतं. ताईला जे काही येत होतं ते हातांनीच.

तिने कपात चिकटवायचं रेझिन ओतलं, ते लवकर घट्ट करणारा हार्डनर घातला आणि काडीने ढवळायला लागली.

"पेटी नाही बसवत?" बारक्याने विचारलं. "तिच्यात फिन स्क्रूने बसते ना? हवी तेव्हा काढता येते."

"पेट्या संपल्या."

तिच्या डोक्यावरच्या फळीवर पेट्यांची चळत होती. दोघांनाही दिसत होती.

तिने खाचेत रेझिन भरलं, फिन उभी रोवली आणि ओघळ पुसले. कायमची चिकटवलेली फिन! एखाद्या शिकाऊ कामगाराने असलं काम केलं असतं तर तिने त्याला शेडबाहेर हाकललं असतं.

"ये इकडे. धर."

"क्लॅम्प लाव ना."

"क्लॅम्प बसत नाही इथे. धर म्हणते ना! सरळ. हलली तर वाकडी बसेल, मग काही उपयोग नाही."

थोरल्या बहिणीचा हुकूम. तो आला आणि त्याने दोन्ही हातांनी फिन धरली. ओल्या रेझिनमधून ती उपटायला एक हिसका पुरला असता, आणि ते त्यालाही कळत होतं.

ताईने कप उचलला आणि पाठ फिरवली. बघत उभं राहणं तिला जमलं नसतं. बेसिनपाशी जाऊन ती हात धूत राहिली. स्वच्छ झाले तरी धूत राहिली. सगळा जीव कानात आला होता. फिन फरशीवर आदळल्याचा आवाज आता येईल, मग येईल. रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग मागे बारक्या रडायला लागला, लहानपणी रडायचा तसाच, आवाज न करता, नुसता श्वास अडकत. ती वळली नाही. वळली असती तर डोळे पुसायला त्याने हात सोडला असता.

बेसिनच्या कडेला ठेवलेला कप चटका बसेल इतका तापला होता. तळाशी उरलेलं रेझिन तिने नखाने दाबून पाहिलं. त्याचा दगड झाला होता.

"ताई," मागून आवाज आला, "सोडू का आता?"

"नको," ती म्हणाली. "ओलं आहे अजून. धरून ठेव."