एकदाची बांधली स्टेपनी

आमच्या बासष्ट सालच्या गाडीच्या डिकीत स्टेपनी सुटी होती. खड्डा आला की ती धाडकन आपटायची आणि शेजारी बसलेली माझी बायको नेस्टा ओरडायची, "इडवाल, बांध रे ती मेली एकदाची! अख्ख्या हार्लेख गावाला कळतं आपण आलो ते." चाळीस वर्षं मी "या शनिवारी नक्की" म्हणत आलो.

दोन वर्षांपासून नेस्टा वृद्धाश्रमात आहे. काल शेवटी मनावर घेतलं. डिकीच्या तळाला नवा बोल्ट बसवला, खाली रबर घातलं आणि स्टेपनी अशी आवळली की हलायचं नाव नाही. आज चॅपलमधली प्रार्थना आटोपून निघालो. आश्रमाच्या फाटकातल्या गतिरोधकावरून गाडी गेली, तरी आवाज म्हणून नाही. म्हटलं, आता ऐटीत जाऊन नेस्टाला सांगायचं.

ती खिडकीकडे पाठ करून बसली होती, केस पिंजारलेले. तिची देखभाल करणारी कॅरिस माझ्याकडे बघतच राहिली.

"आज गाडी नाही आणली? फाटकाशी तो दणका झाला की या केस विंचरायला घेतात. 'आला माझा नवरा' म्हणतात. चेहरे तर केव्हाच विसरल्या, तेवढा आवाज राहिलाय त्यांच्याकडे."

मी नेहमीच्या खुर्चीत बसलो.



"अहो, तिथे नका बसू," नेस्टा म्हणाली. "आमचा इडवाल यायचाय."