आभाराची ओळ

"नाव चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "नाव बरोबर आहे. ओळ खोटी आहे."

विभागप्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला. मुलीचं नाव छापून आलेलं पाहून बाई आभार मानायला आल्या असतील, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी चहासुद्धा मागवला होता. टेबलावर त्यांचा गाजत असलेला शोधनिबंध उघडा पडला होता. ज्या आजाराने बाईंची मुलगी गेली, त्याच आजारावरच्या नव्या औषधाचा तो अभ्यास. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की या अभ्यासाचा खर्च अमुक मुलीच्या स्मृतिनिधीने केला असून दुसऱ्या कोणाचीही मदत घेतलेली नाही. बाईंचं बोट नेमकं तिथे होतं.

बाई एका कारखान्यात डब्यांवरची लेबलं तपासायच्या. आत एक आणि बाहेर एक, असा डबा वीस वर्षांत त्यांच्या हातून पुढे गेला नव्हता.

"सर, आमच्या निधीने तुम्हाला एक फ्रीज दिला. रक्ताचे नमुने ठेवायला. एका फ्रीजवर तीनशे पेशंट दोन वर्षं कसे तपासलेत, ते मलाही शिकवा. घरी उपयोगी पडेल."

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या डॉक्टर मॅडमना हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली. निबंधाच्या दुसऱ्या लेखिका त्याच. ती ओळ त्यांनीच आधीच्या एका अभ्यासाच्या मसुद्यातून उचलून जशीच्या तशी इथे टाकली होती. चूक लक्षात आल्यावर त्यांनी सरांना सांगितलंही होतं. औषधं, तपासण्या, नर्सचे पगार, सगळं औषध बनवणाऱ्या कंपनीने दिलं होतं. सर म्हणाले होते, "राहू दे. मुलीचं नाव बरं दिसतं." आणि मॅडमनी राहू दिलं होतं.

सरांची हातोटी अशी, की त्यांच्याकडून नकार घेऊन निघालेला माणूस जिन्यापर्यंत जाताजाता दोनदा आभार मानायचा. "बाई, ती ओळ वाचतं कोण?" ते म्हणाले. "औषध चांगलं आहे. आकडे खरे आहेत."

"मग कंपनीचं नाव लपवलंत कशाला?"

सर नियमांकडे वळले. छापलेल्या निबंधात दुरुस्ती करायची तर सगळ्या लेखकांच्या सह्या लागतात. ती दुरुस्ती निबंधाला जन्मभर चिकटते. लोकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

"किती दिवस लागतात?" बाईंनी विचारलं.

"दोन-तीन महिने."

"त्याआधी नाही होत?"

"अहो, निबंध काय पळून जातोय? कसली एवढी घाई?"

बाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

मग सरांनी हुकमाचा पत्ता काढला, तोही अगदी मऊ आवाजात. "खरं लिहायचं तर पूर्ण खरं लिहावं लागेल. तुमचा फ्रीज आधीच्या अभ्यासासाठी होता आणि तो अभ्यास अर्धवटच राहिला. म्हणजे या ओळीतून तुमच्या मुलीचं नाव जाणार. साऱ्या जगात ते एवढ्या एकाच ठिकाणी छापलंय. बोला, काढायचं?"

बाई त्या नावाकडे बघत राहिल्या. शाळेच्या हजेरीपटावरून ते नाव काढलं, त्या दिवशी त्या ओक्साबोक्शी रडल्या होत्या. आताही डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही.

"काढा," त्या म्हणाल्या. "कंपनीचं घाला. सह्या झाल्याशिवाय मी इथून उठत नाही."

सरांनी मान वळवून मॅडमकडे पाहिलं. मॅडम संगणकावर टाइप करत होत्या. तीन ओळींचं दुरुस्तीपत्र छापून बाहेर आलं. त्यावर सही करून त्यांनी ते सरांपुढे ठेवलं.

"माझी झाली," त्या म्हणाल्या. "तुमची नसेल, तर आज एकटीच्याच सहीने संपादकांना पाठवते. दुसरी का नाही, तेही लिहीन."

बारा वर्षांत त्या सरांशी असं बोलल्या नव्हत्या. सर लालबुंद झाले. त्यांनी पेन उचललं, पण सही न करता ते बाईंवर उखडले.

"एक सांगा मला. मुलगी गेली, ती काही परत यायची नाही. होतं ते नावही तुम्ही घालवलंत. मिळवलंत काय?"

"गेल्या आठवड्यात धाकटीलाही तोच आजार निघाला," बाई म्हणाल्या. "हे औषध नक्की चांगलं आहे ना, असं मी तिच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तुमचा निबंध उघडून मला ही ओळ दाखवली. म्हणाले, तुमच्या थोरलीच्याच नावाने झालाय अभ्यास, आणखी कसली खात्री हवी?"