अंगणातली ज्वारी

लेकीला आतून काहीतरी होतंय, हे विजयश्रीशिवाय घरात कुणालाच पटत नव्हतं.

तिनं अंगणात ज्वारी वाळत घातली आणि लेकीला दारात निजवलं. घटकाभरानं पाहते तर पांढरे दाणे लेकीकडं सरकलेले.

“पोरीकडं दाणे कामून लोटायलीस?” सासू खेकसली.

“मी न्हाई लोटले, आत्याबाई.”

“मग पाय फुटले का त्यांना? डाक्टर म्हणला, पोर ठणठणीत हाय. कॉलेज शिकून तुलाच रोज नवा रोग दिसायलाय.”

विजयश्रीला कॉलेजातलं आठवलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी इजेतून सुटलेल्या रसायनाचा माग काढत तिकडंच सरकतात.

तिनं लेकीला आतल्या खोलीत नेऊन अंगभर तपासलं. साधा ओरखडाही नव्हता.

“अगं, ज्वारी कुठं गेली?” अंगणातून सासू ओरडली.

उंबरठ्यावरून पहिला दाणा आत उतरला.