चढावर दमणारी गाडी

साबणाच्या पाण्याला पुन्हा त्याच जागी फेस आला, तेव्हा तोकुजी निरासाकीने हवेचा पंप बंद केला आणि ब्रश बादलीत टाकला.

टर्बोने दाबलेली हवा इंजिनात नेणारा जाड रबरी पाइप होता, त्याच्या टोकाचा पट्टा सैल झाला होता. गेल्या वेळी हाच, त्याच्या आधीही हाच.

गाडी घेऊन आलेली बाई स्टोव्हजवळच्या खुर्चीत चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसली होती. मिसाए ओगिहारा. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने बारीक, बोलणं मोजकं. ड्रायव्हरची सीट तिच्या मानाने बरीच मागे सरकवलेली असायची आणि ती तिच्या काठावर बसून गाडी चालवत यायची. नवरा वारल्याचं ती एकदा ओघात बोलून गेली होती. गाडी त्याचीच असणार, असं तोकुजीने मनाशी धरलं होतं.

पहिल्यांदा ही गाडी आली तेव्हा तिने त्याला चांगलंच दमवलं होतं. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ती गुदमरायची, मागून काळा धूर सोडायची. प्लग काजळीने माखलेले. पेट्रोल जास्त आणि हवा कमी, एवढं उघड होतं. पण का? त्याने इंजेक्टर काढून पाहिले, पेट्रोलचा दाब मोजला, धुराड्यातला सेन्सर बदलून पाहिला. शेवटी पाइपांत हवा भरून साबणाचं पाणी लावलं आणि चोर सापडला. हवा मोजणारा सेन्सर आपलं काम चोख करत होता, गाडीचा संगणक त्या मापाने पेट्रोल सोडत होता, आणि मोजलेली हवा मात्र वाटेतच निसटत होती.

तेव्हा त्याने पट्टा नीट आवळला होता. तरी काही आठवड्यांनी गाडी परत आली. मग पुन्हा आली. नेहमी शनिवारी.

आज त्याने टॉर्च जवळ नेऊन स्क्रूची खाच पाहिली. हादऱ्यांनी पट्टा असा सैल होत नाही. खाचेत ताजा ओरखडा होता, त्याच्या स्क्रूड्रायव्हरपेक्षा बारीक पात्याचा. घरात शिलाई मशीनला वापरतात तसल्या स्क्रूड्रायव्हरचा.

तोकुजी बराच वेळ बॉनेटखाली वाकून राहिला. चेहरा वर काढायची त्याला लाज वाटत होती.

बायको फुसाए गेल्यापासून त्याच्या गॅरेजात कुणी बसायला येत नसे. मुलगी सप्पोरोला, तिचा फोन नववर्षाला. घाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे शर्यती लावणाऱ्या पोरांच्या चेपलेल्या गाड्या यायच्या, पण त्या ओढून आणलेल्या असत आणि पोरं मान खाली घालून निघून जात. दुपारी तो दुकानातला भाताचा गोळा रेडिओ ऐकत खायचा. ओगिहाराबाई मात्र घरी घातलेलं मुळ्याचं लोणचं घेऊन यायची. खिडकीतून घाटाकडे पाहत म्हणायची, "घाई करू नका. रात्रभर राहू दे इथेच. उद्या नेते."

शनिवारची रात्र एकट्या माणसाला खायला उठते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. रविवारी ती पुन्हा यायची, पुन्हा चहा व्हायचा. एवढ्यासाठी बिचारीला पट्टा सैल करावा लागत होता.

त्याने जुना पट्टा काढून फेकला. नटबोल्टने आवळायचा जाड पोलादी पट्टा शोधून आणला आणि अंगचा सगळा जोर लावून बसवला. पाना लावल्याशिवाय आता तो हलणार नव्हता. मग गाडी घाटात चढवून आणली. टर्बोने श्वास भरला आणि गाडी वाऱ्यासारखी वर गेली. धुराचा मागमूस नाही.

"झाली," परत येऊन तो म्हणाला.

तिने पेला खाली ठेवला. "आज इतक्या लवकर?"

तिचा चेहरा उतरला. तो उतरलेला पाहून या वयात त्याला मनातून बरं वाटलं.

"आता ती पुन्हा दमणार नाही, ओगिहारा-सान. तशी सोयच केलीय." त्याने हात पुसत पुसत पुढचं वाक्य जुळवलं. "आणि इथे यायला गाडी बिघडायलाच हवी असं नाही. पुढच्या शनिवारी नुसत्या चहाला या."

ती काही बोलणार होती. मग तिने किल्ली घेतली, खोल वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसली. लाजली असेल, असं त्याला वाटलं.

पुढच्या शनिवारी तोकुजीने दाढी केली. गॅरेजचा ओटा धुतला. गावातल्या मिठाईच्या दुकानातून लाल घेवड्याची वडी आणली, फुसाएच्या कपाटातले चांगले पेले काढून पुसून ठेवले. दुपारभर तो गाडीच्या आवाजाकडे कान लावून होता.

गाडीचा आवाज आलाच नाही. ती चालत आली. अंगात दुखवट्याचे काळे कपडे होते.

त्याने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"काय केलंत तुम्ही त्या पट्ट्याला?" तिने विचारलं. आवाज अगदी शांत होता. "त्या दिवशी घरी जाऊन मी तो सैल करायला बसले. बोटं सोलून निघाली, पण तो हलला नाही. तेवढ्यात काझुशी कारखान्यातून आला. माझा मुलगा. गाडी त्याचीच. शनिवारच्या रात्रीची शर्यत सुरू व्हायच्या आधी त्याने घाटावरून फोन केला होता. फार खूश होता तो. म्हणाला, आई, त्या मेकॅनिकचे माझ्याकडून आभार मान."