टिकली जागेवरच होती

“पत्ता सांगायला देवाने तोंड दिलंय, तरी लोक आता टिकल्या लावत बसतात,” थोरली जाऊ पुटपुटली. पुटपुटली ती अशा बेताने, की शेजारच्या खुर्चीवरच्या धाकटीला शब्दन् शब्द ऐकू जावा.

धाकटीने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. महिन्याभरात ही कला तिला चांगली साधली होती.

दुकान दोघा भावांचं. आजाऱ्यांसाठी खाटा, चाकाच्या खुर्च्या, ऑक्सिजनची यंत्रं भाड्याने द्यायचं. थोरला व्हॅन चालवायचा, धाकटा सामान दुरुस्त करायचा. ऑर्डर यायची थोरलीच्या फोनवर, आणि ती फाटकाचा रंग आणि जिना कुठल्या हाताला इथपर्यंत पत्ता काढून घ्यायची. मग धाकटीने व्हिडिओ बघून बघून वेबसाइट शिकून घेतली आणि फॉर्मात नकाशा बसवला. पत्ता लिहायला लागलं की खाली नावं सुचायची, एक निवडलं की नकाशावर लाल ठिपका पडायचा. गिऱ्हाइकाने तो बोटाने सरकवून आपल्या दारावर आणून ठेवायचा, की पोचला थेट व्हॅनमधल्या फोनवर. घरात सगळे त्याला टिकली म्हणायचे. थोरली म्हणाली की मात्र ती शिवी वाटायची.

बाहेर व्हॅन थांबली. थोरला एकटाच आत आला. खाट गाडीत तशीच.

“घर नाहीच तिथे,” त्याने किल्ल्या टेबलावर आपटल्या. “आजही वणवण. चार बटणं दाबायला शिकली, झालं, निघाली आम्हाला रस्ते दाखवायला.”

“दादा, टिकली बरोबर आहे.” धाकटीने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. “त्या बाईंनी स्वतः दारावर आणून ठेवलीय.”

“म्हणजे मी खोटा?”

धाकटा खाली बसून एका खुर्चीचं चाक आवळत होता. त्याने मान लांब करून पडद्यावर पाहिलं. “अरे दादा, ही तर आपल्या शाळेच्या मागची...” आणि त्याने मान पुन्हा खाली घातली. पक्कं बसलेलं चाक पुन्हा आवळायला लागला. थोरलीने स्वच्छ टेबल पुसायला घेतलं. थोरला पंख्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीने उचलला.

“अहो, रुग्णवाहिका दारात उभी आहे,” पलीकडची बाई ओरडत होती. “आईच्या कमरेचं ऑपरेशन झालंय. तिला काय फरशीवर झोपवू? ड्रायव्हर म्हणतोय, उतरवून घ्या नाहीतर परत नेतो. खाट सकाळी येणार होती ना?”

“निघालीच आहे, ताई.”

“हे मघाशीही म्हणालात. लाज वाटते का काही?” फोन बंद झाला.

आवाज सगळ्या दुकानाने ऐकला होता.

“काढून टाक तो नकाशा,” थोरली म्हणाली. “आत्ता. माझ्या डोळ्यांदेखत.”

“काढते, वहिनी. पण खाट कशी पोचणार ते आधी सांगा. व्हॅनमधल्या फोनमध्ये बोलून रस्ता सांगायची सोय आहे, ती दादा बंद का करून ठेवतात?”

“ती फोनमधली बाई मला शिकवणार?” थोरला उसळला. “डावीकडे वळा, उजवीकडे वळा! तिचं बोलून संपतं तोवर माझं...”

“तोवर तुमचं काय, दादा?”

विचारलं आणि धाकटीने जीभ चावली. पण प्रश्न बाहेर पडला होता.

“आवाज खाली ठेव,” थोरली म्हणाली. “कोणाशी बोलतेस, कळतंय का?”

“दादा, मी येतो बरोबर,” धाकटा उठला.

“का? मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

थोरल्याने किल्ल्या उचलल्या आणि तरातरा दारापर्यंत गेला. पायरीवर थांबला. डावीकडे बघितलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. तिघं त्याच्या पाठीकडे बघत राहिली. व्हॅन त्याच्या समोरच उभी होती.

थोरली उठली. जवळ जाऊन तिने त्याच्या मुठीतून किल्ल्या काढून घ्यायला सुरुवात केली. एकेक बोट उलगडावं लागलं. त्या तिने धाकट्या दिराच्या हातात कोंबल्या.

“जा भाऊजी. पळा.”

व्हॅन निघून गेली तरी ती दाराकडेच तोंड करून उभी होती. बोलली ती धाकटीशी, पण वळली नाही.

“लोक मला पत्ता सांगायचे, मी ह्यांना सांगायचे. फोनवर, दर वळणाला. वर्ष झालं. आता लोक तुझ्या नकाशाला सांगतात, आणि मला कुठला कळायला तुझा नकाशा?” तिचा आवाज फाटला. “ह्यांना रस्ते आठवत नाहीत गं.”

आता हा माणूस दुकान डोक्यावर घेणार, असं धाकटीला वाटलं. थोरला हळूच पायरीवर बसला आणि रिकामी मूठ गुडघ्यावर ठेवली.

“आत्ता परत येताना दोघांना विचारलं,” तो म्हणाला. “आपलं दुकान कुठे आहे ते.”