शेवटचा सामना

"स्टेडियम पाडलं तेव्हा कागदही त्याच ट्रकमधून गेले असतील," पालिकेचा कारकून म्हणाला आणि चहाला निघून गेला.

शहराच्या जुन्या फुटबॉल स्टेडियमचा इतिहास लिहायला घेतल्यापासून पत्रकारबाई अशीच दारोदार हिंडत होती. स्टेडियमच्या जागी आता बहुमजली पार्किंग होतं. क्लबच्या कचेरीला कुलूप होतं. वर्तमानपत्राचे जुने अंक वाळवीने फस्त केले होते. भेटेल तो म्हातारा "काय गर्दी असायची" एवढं म्हणून गप्प व्हायचा. ती पार मेटाकुटीला आली होती.

आधार एकाच माणसाचा, तिच्या बाबांचा. तिथला शेवटचा सामना त्यांना तोंडपाठ होता. गोलकीपरच्या हातून निसटलेला चेंडू, पंचांशी झालेली हुज्जत, जादा वेळेतला तो गोल, सगळं. तिचा वाढदिवसही तोच. आई अजून संधी मिळाली की ऐकवायची, "मी इकडे कळा देत होते आणि हे तिकडे गोल बघत होते." बाबा ओशाळं हसायचे. घरातलं हे भांडण तिच्याच वयाचं होतं.

शेवटचं प्रकरण तिने बाबांच्या भरवशावर लिहून काढलं. छापायला देण्याआधी खातरजमा म्हणून ती त्या वेळच्या कप्तानाला भेटली.

कप्तानाने पानं सावकाश वाचली. "खेळ अगदी जसाच्या तसा उतरलाय. पण हे प्रेक्षक कुठून आणलेत?"

"म्हणजे?"

"गॅलरी धोकादायक ठरवली होती. फाटकं बंद ठेवून सामना उरकला. आत आम्ही, पंच आणि रेडिओवाले. बाकी चिटपाखरूही नव्हतं."

ती तणतणतच घरी आली. एवढ्या खटपटीतून एकच प्रकरण धड उभं राहिलं होतं, तेही आडवं झालं होतं. बाबा खिडकीशी पेपर वाचत होते. आई पलंगावर बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती.

"बाबा, तुम्ही तो सामना पाहिलाच नाहीत. रेडिओवर ऐकलात."

बाबांनी पेपर खाली केला नाही.

"इतके दिवस मला का खेळवलंत? मी ते सगळं खरं म्हणून लिहिलं. आणि आईला अशा वेळी एकटं टाकून गेला होतात तरी कुठे?"

पेपर हळूच खाली आला. बाबांनी तिच्याकडे न बघता आईकडे बघितलं. आईने हातातली चादर बाजूला ठेवली.

"त्यांच्यावर नको चिडूस," ती म्हणाली. "ते कुठेच गेले नव्हते. माझ्या शेजारीच बसले होते."

"दवाखान्यात?"

"अनाथाश्रमाच्या ऑफिसात. तिथल्या बाई तुला आतून घेऊन येईपर्यंत आम्ही दोघं रेडिओ ऐकत होतो."