पहिल्या पानावरची पेन्सिल

बाळांनो, कल्पना करा. वेदिकाने द्वारका चौकाजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून अतिरेक्यांच्या कटाची एक कादंबरी आणली आहे. पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलंय, ‘गद्दार कर्नलच आहे.’ खाली आणखी दोन वेगवेगळ्या अक्षरांत, ‘हो, खरंच.’ ‘अगदी खरं.’

वेदिका हिरमुसली, तरी वाचत राहिली. कर्नल बोलू लागला की तिची धडधड वाढायची.

“अगं, वरण निवलं,” आई म्हणाली.

“थांब गं, हा आता सगळ्यांना मारणार आहे.”

शेवटी बॉम्ब निकामी करताना कर्नलनेच जीव दिला. गद्दार भलताच कुणीतरी निघाला.

“झालं का वाचून? आता मला दे,” शेजारचा ज्ञानेश दारातून म्हणाला.

वेदिकाने खोडरबर उचलला. थोडा विचार करून खाली ठेवला.


मग पेन्सिल घेऊन तिने सगळ्यात खाली लिहिलं, ‘शंभर टक्के खरं.’